पालवणकर बाळू : मैदानातला मान आणि तंबूबाहेरचा पेला

खेळाच्या मैदानावर सारे समान असतात, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे हे वाक्य हमखास उच्चारतात आणि आपण टाळ्या वाजवतो. वाक्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मैदान जेथे संपते त्या सीमारेषेपलीकडे तंबू असतो, तंबूत चहा असतो, जेवणाची पंगत असते, आणि कर्णधार कोणाला करावयाचे हे ठरवणारी समितीची बैठकही तेथेच भरते. रेषेच्या अलीकडे एक न्याय आणि पलीकडे दुसरा, असे ज्यांच्या वाट्याला जवळजवळ सारी खेळण्याची वर्षे आले, त्या पालवणकर बाळू या थोर गोलंदाजाची ही जीवनकथा आहे.

क्रिकेटवर आपल्या लोकांचे अपार प्रेम. जुन्या खेळाडूंच्या धावा आणि बळी तोंडपाठ असणारे विद्यार्थी आपल्या प्रत्येक वर्गात सापडतील. तरीही हिंदुस्थानातला पहिला थोर गोलंदाज कोण, असे विचारले तर बाळूंचे नाव घेणारे थोडेच निघतील. याला एक साधे कारण आहे. हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला, त्या वेळी बाळूंनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती. कसोटीच्या कोष्टकात ज्याचे नाव नाही त्याला आपली स्मृती सहसा जागा देत नाही. पण दुसरेही कारण आहे, आणि ते त्यांच्या चरित्रातूनच कळून येते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले आणि जातीने चर्मकार. वडील लष्करात नोकरीला होते. त्या काळी गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांच्यातील काहींना लष्कराच्या नोकरीने बाहेरच्या जगाचे दार थोडे किलकिले करून दिले होते. नोकरीच्या निमित्ताने हे कुटुंब पुण्याला आले. पुण्याच्या लष्कर भागात गोरे अधिकारी क्रिकेट खेळत, आणि त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी व झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे पाठचे भाऊ शिवराम हा खेळ शिकले. कोणी गुरू नव्हता आणि पुस्तक तर नव्हतेच. साहेब कसा खेळतो हे दुरून पाहावे आणि आपल्या अंगणात ते करून बघावे, एवढेच त्यांचे शिक्षण.

शिक्षण अर्धवट सोडून बाळूंना लवकरच पोटामागे लागावे लागले. पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरवण्याचे. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावयाचा, हे त्या कामातच आले. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. येथे पगार एका रुपयाने वाढला. रूळ फिरवणे, जाळी उभारणे, खेळपट्टीच्या रेषा आखणे आणि टेनिसच्या अंगणांची निगा राखणे, अशी तेथली कामे होती. चुन्याच्या रेषा आखणारा हा पोऱ्या एक दिवस त्याच रेषेवरून धावत येऊन भल्याभल्या फलंदाजांची त्रेधा उडवणार आहे, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

पण एका साहेबाच्या लक्षात त्यांच्या हातातील गुण आला आणि त्याने त्यांना सरावाच्या जाळीत गोलंदाजी करावयास लावले. बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकीत. चार पावलांची सोपी धाव, अंगात कसलीही घाई नाही, आणि चेंडू हातातून सुटल्यावर मात्र तो कोठे पडेल व पडल्यावर कोणीकडे वळेल याचा अंदाज फलंदाजाला लागू नये, असे त्यांचे तंत्र होते. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेर वळतो. बाळू तो आतही वळवू शकत. एकाच लयीत हात फिरवीत चेंडूचा वेग कमीजास्त करण्याची कला त्यांना साधली होती. इंग्लंडमध्ये याच जातीची गोलंदाजी करून विल्फ्रेड ऱ्होड्स हा खेळाडू जगप्रसिद्ध झाला; पुढे जाणकार बाळूंची तुलना त्याच्याशी करू लागले.

पूना क्लबातील सर्वांत कुशल फलंदाज म्हणजे कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. हा लष्करी अधिकारी अंगाने लहानखुरा, पण मनगटाचा मोठा लवचीक. इंग्लंडला गेला की हँपशायर काउंटीकडून तो खेळत असे. इतरांच्या आधी येऊन तो बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी तो त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी मानली तर हिशेब मोठा मौजेचा होतो. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे महिन्याच्या कमाईचा आठवा भाग. कॅप्टनसाहेबांना आठ वेळा टिपले की एक महिन्याचा पगार वर! असे असंख्य तास बाळूंनी साहेबांना गोलंदाजी केली. पण त्या सर्व वर्षांत त्यांच्या हातात एकदाही कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा धन्याचा खेळ आणि गोलंदाजी हे चाकराचे काम, अशी त्या क्लबातील वाटणी होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशी वाटणी इंग्रजांनी केवळ हिंदुस्थानात केली होती असे नाही. खुद्द इंग्लंडमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांचे दोन वर्ग होते. एक सद्गृहस्थांचा, म्हणजे हौशी खेळाडूंचा. दुसरा पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांचा. दोघांचे कपडे बदलण्याचे तंबू वेगळे, मैदानात येण्याची दारेही कित्येक ठिकाणी वेगळी. संघाचा कर्णधार सहसा हौशी खेळाडूच असावयाचा, मग व्यावसायिक त्याच्यापेक्षा कितीही सरस असो. लेन हटन हा व्यावसायिक खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला तो १९५२ साली, आणि हे दोन वर्ग कायमचे मोडण्याचा निर्णय तर १९६२ साली झाला. तेव्हा बाळूंच्या वाट्याला दोन ओझी आली होती. चाकर म्हणून एक, आणि जातीचे दुसरे. पहिले निदान पैशाने किंवा कीर्तीने हलके होऊ शकत होते. दुसऱ्याला तोही उपाय नव्हता.

पुण्यातील हिंदू मंडळींचाही एक क्लब होता आणि युरोपियनांना हरवावे ही त्यांची फार दिवसांची आकांक्षा होती. ज्याच्यावर ग्रेगसारखा फलंदाज घाम गाळतो तो गोलंदाज आपल्याच शहरात असताना त्याला घ्यावे की घेऊ नये, यावर क्लबात दोन तट पडले. काही सभासदांना तो हवा होता. काहींना त्याचा विटाळ आडवा येत होता. अखेर जिंकण्याची हौस विटाळावर मात करून गेली आणि बाळूंना संघात घेतले गेले. पण कसे? मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाती घ्यावयाचा. चहाची वेळ झाली की इतरांनी तंबूत चिनीमातीच्या पेल्यांतून चहा प्यावयाचा आणि बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या पेल्यातून. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवावयाचे झाले तर त्यांच्याच समाजातील एखाद्या नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून द्यावयाचे.

विचार केला तर यातील विसंगती विलक्षण आहे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. ज्या चामड्याच्या कामामुळे एका समाजाला अस्पृश्य ठरवले, तेच चामडे, त्याच समाजातील माणसाच्या घामेजल्या हातातून आलेले, उच्चवर्णीय क्षेत्ररक्षक आनंदाने झेलीत होते. कारण झेल घेतला की गोरा साहेब बाद होत होता. मग विटाळ नेमका कशाचा? चामड्याचा नव्हे, स्पर्शाचाही नव्हे. बरोबरीने बसण्याचा विटाळ होता.

बाळू संघात आले आणि क्लबाचे दैव पालटले. साताऱ्याच्या युरोपियनांच्या जिमखान्याविरुद्ध झालेल्या एका सामन्याची हकीकत सांगतात, ती अशी. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून यजमानांनी कित्येक दिवस रूळ फिरवून खेळपट्टी दगडासारखी टणक करून ठेवली होती. बाळूंनी त्या खेळपट्टीवरही सात गडी टिपले आणि पुण्याच्या संघाने सामना जिंकला. ज्याने वर्षानुवर्षे स्वतः रूळ ओढला, त्याला खेळपट्टीचा स्वभाव रूळ फिरवून घेणाऱ्यापेक्षा अधिक कळावा, यात नवल ते कोणते? परत आल्यावर पुण्यात त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा सन्मान केला आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत का असावी, हा प्रश्न क्लबाच्या मंडळींपुढे ठेवला, असे चरित्रकार नमूद करतात.

१८९६-९७ साली प्लेगाने मुंबई-पुण्याला हैराण केले. त्या धामधुमीत बाळूंनी पुणे सोडले आणि ते मुंबईस आले. मुंबईत त्या वेळी क्रिकेटचे मोठे वारे होते. मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर निरनिराळ्या समाजांचे जिमखाने उभे राहत होते. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना हा त्यांपैकीच एक. तेथेही काही सभासदांनी बाळूंच्या प्रवेशाला विरोध केला, पण खेळाच्या कारभाऱ्यांनी तो मानला नाही. बाँबे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. पाठोपाठ शिवराम आले, पुढे विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही. चार भाऊ आणि चौघेही हिंदू संघाचे खेळाडू, असे उदाहरण विरळाच.

बाळूंच्या कीर्तीवर कळस चढला तो फेब्रुवारी १९०६ मध्ये. हिंदू आणि युरोपियन यांच्यात बाँबे जिमखान्यावर मोठा सामना ठरला. वंगभंगाच्या विरोधात देशभर स्वदेशीची चळवळ पेटलेली होती. आदल्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केल्याची वार्ता ताजी होती. अशा वेळी साहेबाला त्याच्याच खेळात आव्हान देणे याला निव्वळ करमणुकीपेक्षा वेगळा अर्थ होता. मैदानाभोवती माणसांची दाटी झाली. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियन १९१ वर आटोपले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. आता युरोपियनांना जिंकण्यासाठी २१२ धावा हव्या होत्या; पण बाळू आणि त्यांचा जोडीदार इराशा यांच्यापुढे त्यांचा सारा संघ १०२ धावांत कोसळला. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच असे आठ बळी मिळवले होते.

या विजयाचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांना तो साहेबाचा पराभव वाटला. सुधारकांनी मात्र आणखी खोलवर बोट ठेवले. बाळू आणि शिवराम यांना जातीमुळे बाहेर ठेवले असते तर हा विजय मिळाला असता काय, हा त्यांचा सवाल होता. मुंबईच्या जिमखान्यात पुण्यापेक्षा वागणूक अधिक मोकळी होती. येथे बाळू इतरांबरोबर एका टेबलाशी बसून जेवत. पुण्यातील मातीच्या पेल्यापासून मुंबईतील टेबलापर्यंतची ही वाट सुधारकांना देशाच्या प्रगतीची वाट वाटली. पुढच्याच वर्षी, १९०७ साली, हिंदू, पारशी आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली. या स्पर्धांत बाळू वर्षानुवर्षे हिंदूंच्या गोलंदाजीचा कणा होते.

१९११ च्या उन्हाळ्यात सर्व समाजांतील खेळाडूंचा पहिला अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. ते वर्ष पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहण समारंभाचे, त्यामुळे महाराजांचे चित्त मैदानापेक्षा मेजवान्यांत अधिक. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. तेवीस सामन्यांपैकी पंधरांत हार पत्करावी लागली. परंतु या अपयशात एक माणूस अढळ उभा होता. पस्तिशीला पोहोचलेल्या बाळूंनी, खांदा दुखत असतानाही, दौऱ्यात एकूण ११४ बळी मिळवले. त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी बाद केले. लेस्टरशायर काउंटीवर संघाने जो विजय मिळवला त्यात बाळूंचे अकरा बळी होते. आणि सॉमरसेटला एक गडी राखून हरवले तेव्हा शतक झळकावणारा फलंदाज होता त्यांचाच भाऊ शिवराम. इंग्लंडमधील काही काउंटी संघ त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून ठेवून घेण्यास उत्सुक होते असे सांगतात. बाळू मायदेशी परतले.

मुंबईत त्यांचे स्वागत झाले. अस्पृश्य समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला आणि मानपत्र देण्यात आले. या सत्कारात एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचा पुढाकार होता असे चरित्रकार सांगतात. त्या वेळी भीमरावांचे वय वीस वर्षांचे, म्हणजे आज आपल्या पदवीच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याएवढेच. आपल्या समाजातील एक माणूस इंग्रजांच्या देशात जाऊन त्यांनाच नमवून येतो, या घटनेने त्या पिढीच्या मनात काय उभारी आली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. पुढे हे दोघे एकमेकांसमोर उभे ठाकणार होते, हे मात्र त्या दिवशी कोणाला दिसले नसेल.

इतके सारे झाले, तरी एक गोष्ट बाळूंना कधीच मिळाली नाही. ती म्हणजे हिंदू संघाचे कर्णधारपद. अनुभवाने ते सर्वांत ज्येष्ठ, यशाने सर्वांत श्रेष्ठ. पण दरवर्षी निवड होई ती उच्चवर्णीय खेळाडूची. एम. डी. पै हे कर्णधार वृत्तीने उदार होते. आपल्या सत्कारसमारंभातच त्यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता असे बोलून दाखवले. समितीने ते ऐकले आणि काहीच केले नाही. संघात घेणे आणि संघ हाती देणे यांत अंतर असते, याची साक्ष इतर देशांतही मिळते. अमेरिकेत बास्केटबॉलच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धेत अर्ल लॉइड हा पहिला काळा खेळाडू उतरला १९५० साली. पण बिल रसेलच्या रूपाने काळ्या माणसाच्या हाती संघाचे मार्गदर्शन आले ते १९६६ साली. हाताची करामत मान्य करणे सोपे, कारण तिचा फायदा आपल्याला होतो. ज्याचा हुकूम आपण मानावयाचा त्याची बुद्धी मान्य करणे अवघड.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत हे प्रकरण हातघाईवर आले. मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी विठ्ठल यांना डावलून पुण्याचे दि. ब. देवधर यांची निवड झाली. देवधर थोर खेळाडू होते यात शंका नाही, आणि या निवडीचा दोष त्यांचा नव्हता. पण विठ्ठल त्या वेळी संघातील अव्वल फलंदाज होते आणि अनुभवानेही वरचढ. विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि जातीमुळे आपल्यावर अन्याय होत आहे असे जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. हिंदुस्थानच्या क्रीडेतिहासात जातीच्या अन्यायाविरुद्ध खेळाडूंनी इतक्या उघडपणे उभे राहण्याचे हे फार जुने उदाहरण होय. लोकमत भावांच्या बाजूला झुकले. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्यात पै परतले, भाऊ परतले, आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. सबंध कारकिर्दीत त्यांना मिळालेले कर्णधारपद एवढेच. लवकरच त्यांनी मोठ्या सामन्यांतून निवृत्ती घेतली.

परंतु त्या निवेदनाचे फळ आले. अस्पृश्यतानिवारणाचा विषय काँग्रेसने आता आपल्या कार्यक्रमात घेतला होता आणि समाजातही थोडी जाग येत होती. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने पेरले ते धाकट्याच्या पदरात पडले. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडाजीवन या नावाने आत्मचरित्र लिहिले. या घराण्याची बरीचशी माहिती त्यामुळेच आज आपल्या हाती आहे.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि एका बळीमागे सरासरी १५.२१ धावा, अशी बाळूंच्या कारकिर्दीची नोंद आहे. आकडे लहान दिसतात, कारण त्या काळी असे सामने वर्षाकाठी मोजकेच होत. सरासरी मात्र कोणत्याही काळातील थोर गोलंदाजाला शोभणारी आहे.

बाळूंच्या आयुष्याचा उत्तरार्ध राजकारणात गेला, आणि येथे त्यांची कथा आपल्या नाशिक जिल्ह्याला येऊन भिडते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष मंदिराच्या दारांशी उभे राहिले. वर्षांमागून वर्षे गेली, पण दार उघडले नाही. बाळूंनी पुण्याच्या मैदानावर जो अनुभव एकट्याने घेतला, तोच येथे गोदातीरी एका सबंध समाजाने घेतला. आपल्या उपयोगाचे असेल तेथवर या. आत मात्र नको.

या अनुभवातून दोघांनी मात्र दोन वेगळे निष्कर्ष काढले. हिंदू समाजात राहून, त्याचे मन वळवून आपली जागा मिळवता येईल, अशी बाळूंची श्रद्धा होती. मातीच्या पेल्यापासून भावाच्या कर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः पाहिला होता. ती श्रद्धा कोठून आली हे समजण्यासारखे आहे. १९३२ साली गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले तेव्हा स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघाचा आग्रह धरणाऱ्यांत मद्रासचे एम. सी. राजा यांच्याबरोबर बाळू होते, आणि २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंनी या धर्मांतराच्या विचाराला विरोध केला.

१९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात मुंबईतून बाळूंना उभे केले. एका बाजूला स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक आणि समाजाचे सर्वमान्य नेते, तर दुसऱ्या बाजूला त्या नेत्याच्या विद्यार्थिदशेतील आदर्श पुरुष. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळू दोन हजार वीस मतांनी पराभूत झाले. पराभव मोठा नव्हता, पण त्याचे परिणाम मोठे झाले. पुढच्या पिढ्यांनी आपले नेतृत्व बाबासाहेबांच्या ठायी पाहिले आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाळूंकडे पाठ फिरवली. क्रिकेटच्या इतिहासकारांनी तर त्यांना आधीच मागच्या रांगेत बसवले होते. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी त्यांचे नाव पुसट होत गेले, आणि आरंभी ज्या दुसऱ्या कारणाचा उल्लेख केला ते हेच.

या प्रकरणी बाळूंचे चुकले काय? इतिहासाने कौल बाबासाहेबांच्या बाजूने दिला आहे, आणि तो रास्तच वाटतो. कौतुकाने हक्क मिळत नाही, हे बाळूंच्या स्वतःच्या चरित्रानेच सिद्ध केले आहे. साऱ्या हिंदुस्थानने टाळ्या वाजवल्या, तरी समितीच्या खोलीचे दार त्यांना उघडले नाही. ते त्यांच्या भावासाठी उघडले तेव्हा ते दोघा भावांनी खेळण्यास नकार दिल्यानंतर उघडले, नुसत्या गुणांच्या जोरावर नव्हे. पण म्हणून बाळूंना काँग्रेसच्या हातातील बाहुले ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या काळी अस्पृश्याने मान वर करून पाहणेही उद्धटपणाचे मानले जाई, त्या काळी त्यांनी आपल्या डाव्या हाताने एका समाजाला अभिमानाने बोलावे असे नाव दिले. बाबासाहेबांनी पुढे समाजाला संघटित केले. पण आपल्यातील माणूस कोणापेक्षाही कमी नाही हे वीस वर्षांच्या भीमरावांनी ज्या थोड्या उदाहरणांत डोळ्यांनी पाहिले, त्यांत बाळू होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येवल्याच्या घोषणेची ती पूर्ती पाहण्यास बाळू हयात नव्हते. २००१ साली लगान हा चित्रपट आला आणि त्यातील कचरा नावाचा अस्पृश्य फिरकी गोलंदाज पाहताना जाणकारांना बाळूंची आठवण झाली. दुसऱ्याच वर्षी रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथाने त्यांचे चरित्र विस्ताराने वाचकांपुढे आणले. तोवर त्यांच्या मृत्यूला जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजी सामने होतात तेव्हा आपण विद्यार्थी ते पाहावयास गर्दी करतो. सामन्याच्या दिवशी पहाटे, प्रेक्षक येण्यापूर्वी, कोणी एक माणूस खेळपट्टीवर रूळ फिरवून गेलेला असतो, कोणी चुन्याच्या रेषा आखून गेलेला असतो. आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावरही हेच घडते. त्या माणसाच्या मुलाला खेळावेसे वाटले तर त्याला बॅट मिळते का, आणि मिळाली तर पुढे संघ त्याच्या हाती दिला जातो का, एवढे दोन प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारले, तरी पालवणकर बाळूंचे स्मरण सार्थकी लागेल.